कमरीपेठेतला कटिंग मास्तर

मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावायच्या आधी विचारायचा. समोर दोन्ही हात पसरून उभा असलेला चांगला सहा फुटी पैलवान गडी, आणि त्याला हा शांतपणे म्हणणार, "खांद्याचं माप घेतो हं. हात लावला तर चालेल ना?" हुबळीच्या गिऱ्हाइकाला असलं कधी कुणी विचारलेलं नसतं. काही जण हसायचे, काही जण गोंधळून माझ्याकडे बघायचे. एक वकीलसाहेब तर म्हणाले, "अहो, मापच द्यायला आलोय, मग काय लांबून फोटो काढणार?" मास्तर हसला नाही. "तसं न्हाई साहेब, अंग तुमचं हाय. विचारलेलं बरं." छातीचं माप घेताना टेपचं एक टोक तो गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा आणि स्वतः दुसरं टोक धरून आकडा बघायचा. मी चाळीस वर्षं माणसांना दाराच्या चौकटीसारखं मोजत आलो होतो. मला हे सगळे नखरे वाटायचे.

आमचं दुकान कमरीपेठेत, वडिलांनी काढलेलं. शर्ट, पॅन्ट, सफारी आणि लग्नसराईत कोट. रेडीमेडच्या दुकानांनी आमच्या धंद्याचं कंबरडं मोडल्यावर गल्लीत जे दोन-तीन टेलर उरले, त्यातले आम्ही एक. मास्तर आमच्याकडे नऊ वर्षं होता. त्याच्याबद्दल लिहायला बसलोय तर आधीच एक सांगून टाकतो. तो आला तेव्हा लोक त्याला मुलगी समजत होते, मीसुद्धा. त्या वेळचं त्याचं नाव मला ठाऊक आहे आणि ते मी लिहिणार नाही. त्या दिवसांबद्दल लिहितानाही मी 'तो'च लिहिणार. त्यानं मला एकदा सांगितलं होतं, "काका, मी नंतर बदललो असं लोकांना वाटतंय. मी पैल्यापासून हाच हाय. दिसायला उशीर झाला, एवढंच."

दारावर 'कारागीर पाहिजे' अशी पाटी मी वर्षभर लटकवून ठेवली होती. ती वाचून तो आत आला. तेवीस-चोवीस वर्षांचा, अंगात सलवार-कमीज आणि वरून बाप्यांचा चेकचा शर्ट. अळणावरच्या पुढं एका खेड्यात शेतकऱ्याचं घर. धारवाडला शिवणक्लास केलेला. मी म्हटलं, ब्लाऊजवाले पलीकडच्या गल्लीत आहेत. तो म्हणाला, "मला जेंट्स शिकायचंय." "बायकांच्या हाताला पॅन्टचं कटिंग बसत नाही," असं मी मोठ्या रुबाबात म्हटलं. आज ते वाक्य आठवलं की जीभ चावतो.  त्यानं टेबलावरचा जुना पेपर ओढला, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पाच मिनिटांत पॅन्टचा पुढचा-मागचा भाग कापून माझ्यासमोर ठेवला. "ही तुमची," म्हणाला. "तुमची कंबर अडतीस हाय, पण तुम्ही स्वतःची छत्तीस लिहीत असणार."

छत्तीसच लिहीत होतो. मी त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं.

'मास्तर' हे नाव बसप्पानं पाडलं. बसप्पा आमचा काज-बटणाचा आणि कॉलरचा कारागीर, वयानं माझ्यापेक्षा मोठा, कानडी सोडून दुसरं बोलणार नाही. सकाळी हा दारात दिसला की तो मशीनवरून ओरडायचा, "मास्तर बंदरु, एळरी!" मास्तर आले, उठून उभे राहा. पहिले काही महिने ही निव्वळ थट्टा होती. मग गिऱ्हाइकं येऊन "मास्तर आहेत का? त्यांनीच कापलेला हवा," असं म्हणायला लागली, आणि थट्टा कधी गळून पडली ते बसप्पालाही कळलं नाही.

पूर्वी आमच्याकडे एकानं माप घ्यायचं, मोठ्यानं आकडा ओरडायचा आणि दुसऱ्यानं वहीत लिहायचं, अशी पद्धत. मास्तरनं ती बंद केली. "त्यांच्या पोटाचा आकडा सगळ्या पेठेला कशाला ऐकवायचा?" माप घेऊन तो स्वतःच मुकाट्यानं लिहायचा. कुणाचा एक खांदा उतरता असला की आतून अस्तराचा एक पदर जास्त घालायचा. शर्ट घालणाऱ्याला फक्त एवढंच कळायचं की आज आपण बरे दिसतोय. आणि पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्यांना त्याचं ठरलेलं वाक्य असायचं: "सोडा वो पोट. शर्ट तुमच्यासाठी हाय, तुम्ही शर्टासाठी न्हाई." बँकेतले, शाळेतले, कचेरीतले मोठमोठे लोक हे ऐकून सुस्कारा सोडायचे आणि खरी पोटं बाहेर यायची.

स्वतःच्या बाबतीत मात्र हा माणूस वेगळाच वागायचा. सलवार-कमीज वर्षभरातच गेली आणि पॅन्ट-शर्ट आले. तो शर्ट म्हणजे जाडजूड कापड, छातीला आतून कॅनव्हास, वर झाकणाचे दोन खिसे, गळ्यापर्यंत बटण. त्या खिशांत त्यानं कधी पेनसुद्धा ठेवलं नाही. एप्रिल-मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली बसप्पा बनियनवर बसायचा, मी दोन बटणं सोडायचो आणि मास्तर मात्र त्या चिलखतात घामानं निथळत कापत उभा असायचा. माझी बायको दुपारी डबा घेऊन यायची ती ओरडायची, "अरे, उष्म्यानं मरशील!" तो म्हणायचा, "मला थंडी वाजते, काकू." एकदा त्याला भोवळ आली. बायकोनं त्याला आतल्या खोलीत नेऊन निजवलं आणि बाहेर आली ती रडवेली होऊन. छाती सपाट दिसावी म्हणून त्यानं आतून कापडाच्या पट्ट्यांनी घट्ट आवळून बांधली होती. बरगड्यांवर वळ उठले होते. तिनं मला एवढंच सांगितलं, "त्याला काही विचारू नका. सांगेल तेव्हा सांगेल."

त्यानं सांगितलं ते माप देताना. शिंप्याला जगाची मापं घेता येतात, स्वतःचं घेता येत नाही. पाठीवर टेप धरायला दुसरा माणूस लागतो. मास्तर इतकी वर्षं अंदाजानंच स्वतःचे शर्ट बेतत होता. एका अमावस्येला दुकान बंद ठेवून आम्ही दोघं राहिलेली कामं उरकत होतो, तेव्हा तो म्हणाला, "काका, माझं माप घ्याल? जेंट्सचं." मी टेप उचलली आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्याच तोंडून निघालं, "हात लावू का?" तो मान हलवून "हो" म्हणाला आणि मग पाठमोरा उभा राहून सगळं बोलला. लहानपणापासूनचं. शाळेतलं, नदीवर पोहायला जायचं बंद झालं तेव्हाचं, बेंगळूरला डॉक्टर आहेत हे मोबाईलवर वाचून रात्रभर जागला तेव्हाचं. मी गळा, खांदा, बाही, छाती असं एकेक लिहीत गेलो. 

मी काही थोर माणूस नाही. पुढचे आठ दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. ह्याच्या डोक्यात कुणी हे भरवलं, पेठेतले लोक काय म्हणतील, गिऱ्हाइकं तुटतील, असले विचार मी घरी बोलून दाखवायचो. शेवटी बायकोनं मला झाडलं. "चाळीस वर्षं तुमच्या दुकानात माणसं येतात. एकाचं तरी माप दुसऱ्यासारखं निघालं का? मग ह्याचंच तेवढं कुणासारखं निघायला पाहिजे?"  नवव्या दिवशी मी मास्तरला म्हटलं, डॉक्टरकडे जायचं असेल त्या दिवशी सुट्टी घेत जा, सांगायचीही गरज नाही.

मग डॉक्टर झाले. आधी मनाचे, मग हार्मोनचे. इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्यांदा आवाज फुटला. फोनवर "हॅलो" म्हणताना एकदम घोगरा आणि पुढच्याच शब्दाला चिरका. बसप्पा मशीन थांबवून खो-खो हसायचा आणि आपल्या नातवाचा आवाज आठवीत असाच फुटला होता म्हणून सांगायचा. मास्तर चिडायचा नाही. हनुवटीवर पाच-सहा केस आले तेव्हा ट्रायलच्या आरशासमोर दिवसातून दहा वेळा उभा राहायचा आणि आम्ही बघितलं की शर्टाची कॉलर तपासतोय असं दाखवायचा. गिऱ्हाइकं तुटली नाहीत. दोघं-तिघं यायचे बंद झाले, ते तसेही उधारीवालेच होते.

त्या दिवाळीत मी एक चूक केली, जी फक्त शिंपीच करू शकतो. मास्तरला न सांगता त्याच्यासाठी शर्ट शिवला. आकाशी रंगाचं भारी कापड घेतलं, स्वतः कापला, स्वतः शिवला, आणि माप घेतलं वहीतून, दीड वर्षापूर्वीच्या त्या अमावस्येचं. पाडव्याला त्यानं तो अंगात घातला. खांदे काखेत ओढायला लागले आणि गळ्याचं बटण तर लागेचना. चौदाचा गळा मी शिवला होता. मान पंधराच्याही पुढं गेली होती. बसप्पा कानडीत माझा उद्धार करायला लागला, की हा म्हणे शिंपी, माणूस समोर असताना वही बघून शिवतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मास्तर? दोन बोटं कॉलरमध्ये घालून तो ओरडत होता, "काका, गळा आवळतोय! काकू, बघा की, बटणच लागंना!" कुणाला लॉटरी लागल्यावर इतका आनंद झालेला मी बघितलेला नाही. तो शर्ट मी उसवून वाढवून देतो म्हटलं, तर देईना. तसाच गळा उघडा टाकून घालायचा.

पुढच्या वर्षी बेंगळूरला छातीचं ऑपरेशन झालं. माझी बायको सोबत गेली आणि इस्पितळाच्या फॉर्मवर 'नातं' ह्या रकान्यात 'काकू' लिहून आली. महिना-दीड महिना त्याला हात वर करता येत नव्हता; तो स्टुलावर बसून सांगायचा आणि मी कापायचो. आपल्याच दुकानात आपण शिकाऊ झाल्यासारखं वाटायचं. बरा झाल्यावर त्यानं स्वतःसाठी पहिला शर्ट कापला तो पातळ पांढऱ्या पॉपलिनचा, आत अस्तर नाही, काही नाही. मी सवयीनं विचारलं, खिसे किती? "एकपण नको, काका." त्या मे महिन्यात तो दारात उभा राहून वारा घ्यायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, पण मी बघत राहायचो.

धारवाडच्या कचेरीत कागद झाले, आधारकार्डावर नाव आलं. आता सगळं सुरळीत झालं असं मला वाटत होतं. पण गावाची गाठ सुटलेली नव्हती, आणि ती पंचमीला घट्ट व्हायची.

मास्तरला एकच धाकटी बहीण, सुमा. तिचं लग्न कलघटगीजवळच्या एका गावात झालं, इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी. त्या लग्नात आईनं हातापाया पडून त्याला साडी नेसायला लावली होती. "एवढ्या एका दिवसापुरती नेस, तुझ्या बहिणीचं सगळं नीट होऊ दे." तो नेसला. सुमाच्या सासरच्यांनी त्याला बघितलं ते त्या साडीत. पुढं वडील वारले. त्यांच्या वर्षश्राद्धाला तो घोगरा आवाज आणि मिशीची लव घेऊन गावी गेला तेव्हा चुलत्यानं दारातच सांगितलं, ह्या रूपात गावात परत पाय ठेवायचा नाही. घर एकत्रच होतं, आई त्यातच राहायची, आणि वडिलांमागं तिथं चुलत्याचाच शब्द चालायचा. ती काही बोलली नाही. त्यानंतर फोनवर ती पिकाचं बोलायची, म्हशीचं बोलायची, पण 'कधी येतोस' हे तिनं विचारलं नाही. सुमानं मात्र एका फोनमध्ये विषय संपवला होता. "आतापासून तुला अक्का न्हाई, अण्णा म्हणायचं ना? बरं. तर अण्णा, मी काय सांगत होते..."

आमच्या भागात नागपंचमीला लेकी माहेरी येतात. पण आपल्या आपण येत नाहीत, न्यायला भाऊ जावा लागतो. तसं बघितलं तर सुमा एकटी बसमध्ये बसली असती, आता कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकीटसुद्धा पडत नाही. पण प्रश्न प्रवासाचा नव्हताच. पंचमी जवळ आली की गल्लीत एकेकीचा भाऊ मोटारसायकल घेऊन येतो, आणि जिचा येत नाही ती चार बायकांत मान खाली घालते. लग्नानंतर पहिल्या वर्षी वडील जाऊन सुमाला घेऊन आले. ते गेल्यावर तीन पंचम्या तिच्यासाठी कुणीच गेलं नाही. चुलता विसरला, की विसरल्यासारखं केलं, देव जाणे.

चौथ्या वर्षी पंचमीच्या आधी चार दिवस मास्तरनं एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. मी कात्री त्याच्या हातातून काढून घेतली आणि विचारलं, काय झालंय? सुमाचा फोन आला होता. "यंदा तू आला न्हाईस, तर मला माहेर न्हाई असं मी घरात सांगून टाकते." मी म्हटलं, मग जा की! तो म्हणाला, "मला हाकललं तर हाकलू दे काका, मी परत येईन. पण सुमाला तिथंच राहायचंय. मी जाऊन तिच्या संसाराचं वाटोळं झालं तर?"

ते खरंच होतं. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी माझ्या मते फार हुशारीची युक्ती सांगितली: मी सोबत येतो, मोठा माणूस म्हणून मीच बोलतो, आणि तू तिचा चुलतभाऊ आहेस असं सांगतो. दाढी-मिशी आहे, आवाज आहे, कुणाला काय कळणार? मास्तरनं हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाला, "चला म्हणताय तर चला काका. पण खोटं सांगून आणलेल्या बहिणीला परत सोडायला जाताना मी कोण म्हणून जाऊ?"

बायकोनं शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या उंड्या वळून डबा भरून दिला. पंचमीच्या लाडवांना आमच्याकडे उंड्या म्हणतात. सुमासाठी हिरवी साडी घेतली. कलघटगीपर्यंत बसनं आणि पुढं टमटममधून आम्ही गेलो. वाटेत मास्तर उंड्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसला होता. दोन-तीनदा मला म्हणावंसं वाटलं की चल, परत फिरू. अजून मला खात्री नाही की ते मी त्याच्यासाठी म्हणत होतो की स्वतःच्या भीतीनं.

घराच्या कट्ट्यावर सुमाचा सासरा पान जुळवत बसला होता. सासू दारात आली. कोण पाव्हणं म्हणून तिनं विचारलं आणि मी घसा खाकरला. माझ्या जिभेवर 'चुलतभाऊ' तयार होता. तेवढ्यात मास्तर पुढं झाला. "मी सुमाचा थोरला भाऊ. लग्नात तुम्ही मला साडीत बघितलंय. आता असा हाय. पंचमीला न्यायला आलोय."

सासऱ्याचा हात पानावर तसाच राहिला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सुमा दाराआड उभी असणार. सासूनं मास्तरला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. माझी नजर तिच्या तोंडावर खिळली होती, कारण पुढच्या एका वाक्यावर त्या पोरीचं सासर आणि ह्याचं भाऊपण दोन्ही टांगलेलं होतं. आणि ती बाई कडाडली, "मग तीन वर्सं कुठं मेला हुतास? पोरगी तीन वर्सं ह्या उंबऱ्यात बसून रडली, पाटलाच्या सुनेला न्यायला गाडी आली, सुताराच्या सुनेला न्यायला भाऊ आला, आमचीला कोण न्हाई! भाऊ असून असा वागतोस? लाज वाटत न्हाई?"

मास्तर खाली मान घालून ते सगळं ऐकून घेत होता. शिव्या खाताना माणसाच्या तोंडावर इतकं समाधान मी कधी बघितलं नाही. सासऱ्यानं मात्र पान तसंच टाकलं, पायात चपला घातल्या आणि शेताकडे निघून गेला. आमच्याशी बोलला नाही, आम्ही निघेपर्यंत परत आला नाही. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पण सासूनं पाय धुवायला तांब्याभर पाणी आणून ठेवलं, आधी मला आणि मग मास्तरला, आणि सुमा पिशवी घेऊन बाहेर आली ती भावाच्या दंडाला धरूनच.

गावी जायची सोय नव्हती, म्हणून माहेर म्हणजे आमचं घर. मागच्या लिंबाला झोका बांधला. दोघं भावंडं लहान पोरांसारखी झोक्यावरून भांडली. दुपारी बायकोनं मास्तरच्या आईला फोन लावला. मुलगी खुशाल पोचली एवढं कळवावं म्हणून. आईनं विचारलं, "सुमीला आणायला कोण गेलं हुतं?" बायको म्हणाली, "तिचा भाऊ."  फोन कट झाला असं वाटून बायको "हॅलो, हॅलो" करत राहिली. मग आईचा आवाज आला, "बहिणीला न्यायला जातोय, आणि आईला न्यायला यायला काय धाड भरली त्याला?"

फोन स्पीकरवर होता. मास्तर झोक्यावरून उतरला, तोंड धुतलं, तोच पांढरा शर्ट घातला आणि अळणावरच्या बसला गेला. आम्ही संध्याकाळी दोन माणसांचा स्वयंपाक जास्त केला. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुमाला सासरी सोडायला तो चौथ्या दिवशी आला, एकटाच, आणि आधी दुकानात येऊन आपली कात्री कापडात गुंडाळायला लागला. कटिंग मास्तर आपली कात्री दुसऱ्याला वापरू देत नाही आणि दुकान कायमचं सोडतानाच ती घेऊन जातो. मला विचारायची गरज उरली नाही.

त्यानंच मग सांगितलं. तो दारात पोचला तेव्हा चुलता आडवा आला. आईनं आतून ताट वाढून आणलं, चुलत्याच्या देखत ओसरीवर ठेवलं आणि म्हणाली, "हा मला न्यायला आलाय. मी जात न्हाई. त्याचं घर हे, तोच हितं राहील. कुणाला जमत नसेल त्यानं आपली चूल येगळी करावी." इतकी वर्षं गप्प राहिलेली बाई हे एका दमात बोलली. मास्तर म्हणाला, "काका, मी न्यायला गेलो आणि तिनं मलाच ठेवून घेतलं." आणि लहान पोरासारखा रडला.

मला त्याचं जाणं आवडलं नाही. खरं सांगायचं तर मी त्याच्या आईवर रागावलो. उन्हातान्हात, इस्पितळात आम्ही त्याचं सगळं केलं आणि आता तयार झालेला मुलगा ही घेऊन गेली, असं मी बायकोला म्हणालो.  दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. बसप्पा अजूनही सकाळी दाराकडे बघतो, ओरडत मात्र नाही. मी मात्र आता गिऱ्हाइकाला हात लावायच्या आधी विचारतो. नवी गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.

मास्तरनं गावात बसथांब्याजवळ दुकान काढल्याचं फोनवर कळत होतं. चुलता दोन महिने बोलला नाही, मग एक दिवस पॅन्टचं कापड घेऊन आला आणि तोंड दुसरीकडे करून माप द्यायला उभा राहिला, हेही कळलं. मागच्या श्रावणात एका गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट आला. माझे डोळे आता कोटाला पुरत नाहीत. ते निमित्त करून, न कळवता, मी कापड घेऊन त्याच्या गावी गेलो. पत्र्याचं लहानसं दुकान, एक मशीन, एक टेबल. दारात एक म्हातारी शर्टाला बटणं लावत बसली होती. त्याच्या आईला मी कधी बघितलं नव्हतं, तिनंही मला नाही.

मी विचारलं, "मास्तर आहेत का?"

तिनं दोरा दातानं तोडला, सुई पदराला खोचली आणि रोजची गोष्ट सांगावी तसं सांगितलं, "पोरगा पंचमीला बहिणीला आणायला गेलाय. येईल सांजच्याला. बसा वो."

मी कोण, कुठला, ते सांगायचं राहूनच गेलं. मी बाकावर बसलो आणि खिशात रुमाल शोधायला लागलो.